नाव नसलेली घरे : यॉर्कच्या कॉपरगेट उत्खननाचे एक परीक्षण

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत आपल्या संशोधनपद्धतीचा एक खुलासा केला होता. पुराव्याची साखळी मध्येच तुटलेली असेल तर संशोधकाने हातावर हात ठेवून स्वस्थ बसावे काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. उत्तरादाखल त्यांनी भग्न दगडांवरून नगर उभे करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाचा आणि विखुरलेल्या हाडांदातांवरून लुप्त प्राण्याची आकृती कल्पिणाऱ्या शास्त्रज्ञाचा दाखला दिला. आमच्या अभ्यासवर्गांत हा दाखला नेहमी सांगितला जातो. मात्र तो पुरातत्त्वज्ञ प्रत्यक्षात काम कसे करतो, कोणते दगड उचलतो आणि कोणते टाकून देतो, याची चिकित्सा आमच्याकडून क्वचितच होते.

आम्हां बौद्ध अभ्यासकांची नजर स्तूप, लेणी आणि शिलालेख यांवर खिळलेली असते, आणि त्यात गैर काही नाही. शिलालेखांनी आम्हांस फार मोठे धन दिले आहे. अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चर्मकाराच्या दानाची नोंद आहे. जुन्नरच्या लेण्यांत वेळूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. ही नावे आम्ही अभिमानाने घेतो. पण विधिकाचे घर कोठे होते, त्याच्या शेजारी कोण राहत होते, त्याच्या अंगणात काय पडलेले असे, तो काय खात होता, हे तो लेख सांगत नाही. थोडक्यात, आमच्याजवळ नाव आहे, घर नाही. प्रस्तुत परीक्षणासाठी आम्ही जे उत्खनन निवडले आहे त्याची स्थिती नेमकी उलट आहे. तेथे घर आहे, चूल आहे, शौचकूप आहे, पायातला जोडा आहे. राहणाऱ्याचे नाव मात्र नाही.

इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्क शहरात कॉपरगेट नावाचा एक जुना रस्ता आहे. त्यावरील १६ ते २२ क्रमांकांच्या जागेवर मिठाईचा एक जुना कारखाना होता. तो पाडून तेथे बाजारसंकुल उभारावयाचे ठरले आणि बांधकामापूर्वी जमीन तपासण्याची संधी १९७२ साली स्थापन झालेल्या यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टला मिळाली. रिचर्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली मे १९७६ ते सप्टेंबर १९८१ अशी सुमारे साडेपाच वर्षे तेथे खोदकाम चालले. खोदलेले क्षेत्र सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे आमच्याकडील एखाद्या शाळेच्या मैदानाएवढे. खोलीला मात्र रोमन काळापर्यंतचे थर होते. या खोदकामाचा दहाव्या-अकराव्या शतकांविषयीचा मुख्य अहवाल, ज्यात घरे, कुंपणे व खड्डे यांचे सविस्तर वर्णन आहे, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. खोदकाम संपल्यावर ३३ वर्षांनी. हॉल २०११ साली निवर्तले. आपला हा ग्रंथ छापलेला पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही. आमचे परीक्षण मुख्यत्वे या ग्रंथाचे आणि त्यापूर्वी निघालेल्या खंडांचे आहे. त्या जागेवर पुढे उभारलेल्या प्रदर्शनाविषयीही आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम कुंपणांविषयी, कारण या उत्खननाचा प्राण तेथे आहे. उत्तरेकडील देशांतून आलेल्या सैन्याने इ. स. ८६६ मध्ये यॉर्क जिंकले, हे इतिहासाच्या पुस्तकात असते. कॉपरगेटच्या मातीत त्या लढाईचा मागमूस शोधावयास गेले तर फारसे काही हाती लागत नाही. रोमन राजवट गेल्यानंतर कित्येक शतके ही जागा जवळजवळ ओस होती. नवव्या शतकाच्या मध्यापासून तेथे पुन्हा हालचाल दिसू लागते. आणि मग दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात केव्हातरी एक अत्यंत साधी घटना घडते. रस्त्यापासून खाली फॉस नदीच्या दिशेने कुडाची कुंपणे रोवली जातात आणि त्या उतारावर सुमारे साडेपाच मीटर रुंदीचे, लांबच लांब असे चार पट्टे तयार होतात. त्यांना अहवालात केवळ अक्षरांची नावे दिली आहेत. कोणत्या राजाने, बिशपाने वा जमीनमालकाने ही आखणी केली याचा कागद नाही. पण चारही पट्ट्यांची रुंदी एवढी सारखी आहे की कोणीतरी दोरी धरून माप घेतले असले पाहिजे. पुढे घरे जळाली, कुजली, पाडली गेली, पुन्हा बांधली गेली, राजे बदलले, १०६६ साली नॉर्मन आले. कुंपणांची रेषा मात्र जवळजवळ जेथल्या तेथे राहिली. थोड्याफार फरकाने त्याच हद्दी आधुनिक काळापर्यंत मालमत्तेच्या हद्दी म्हणून टिकून होत्या.

काठ्यांचे कूड पंधरा-वीस वर्षांत कुजून जाते. हद्द मात्र हजार वर्षे टिकते. आमच्या वाचकांना यातील मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गावात कोणाची वस्ती कोठे, कोणत्या बाजूस, वेशीच्या आत की बाहेर, या एका प्रश्नावर बाबासाहेबांनी वर उल्लेखिलेल्या ग्रंथाची मांडणी उभारलेली आहे. इतकेच नव्हे, तर वस्तीच्या कडेला वेगळे राहावे लागलेल्या माणसांचे दाखले शोधताना ते आयर्लंडमधील ‘फुइधिर’ आणि वेल्समधील ‘अल्टूड’ यांच्यापर्यंत गेले होते. म्हणजे ब्रिटिश बेटांतील मध्ययुगीन वस्तीच्या हद्दींकडे पाहणे हा आमच्या परंपरेत आगंतुक विषय नाही. फरक एवढाच की बाबासाहेबांपुढे त्या वेळी कायद्याचे जुने ग्रंथ व त्यांवरील विद्वानांचे लेखन एवढेच साधन होते. येथे जमिनीतून प्रत्यक्ष वर काढलेले कूड आहे.

आता त्या कुडांच्या आत काय होते ते पाहू. आरंभीची घरे मेढी रोवून त्यांभोवती काठ्या विणून केलेली होती. आमच्या कोकणातील कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे त्यास हे तंत्र लगेच ओळखता येईल. घर साधारण सात मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, मध्यभागी मोठी चूल, खाली मातीची जमीन. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, मागे अंगण, अंगणात विहीर, खड्डे, उकिरडा. इ. स. ९७५ च्या सुमारास बांधणी बदलते: जमिनीत दीड मीटरपर्यंत खणून ओकच्या जाड फळ्यांची, अर्धी भूमिगत अशी घरे उभी राहतात, आणि एकाच पट्ट्यात पुढे एक, मागे एक अशा दोन ओळी होतात. या वर्षाचा अंदाज कोणत्याही राजाच्या बखरीवरून केलेला नाही. लाकडातील वलये मोजून झाड केव्हा तोडले ते ठरविण्यात आले. कॉपरगेटच्या मातीत पाणी मुरलेले होते, हवा शिरत नव्हती, म्हणून लाकूड, चामडे, लोकर, बिया, किड्यांचे पंख हे सर्व टिकले. कोरड्या जमिनीत जे सर्वप्रथम नष्ट होते तेच येथे सर्वाधिक सापडले. गरिबाचे घर लाकूड-काडीचे असते आणि श्रीमंताचे दगडाचे, त्यामुळे सर्वसाधारण उत्खनन नकळत श्रीमंताच्या बाजूने साक्ष देते. या ओल्या जमिनीने तो पक्षपात काही अंशी दूर केला.

वस्तूंची संख्या ४० हजारांच्या घरात जाते. मडक्यांची खापरे आणि जनावरांची हाडे वेगळी; हाडांचे वजनच काही टन भरले. लाकडी पेले व वाडगे कातून काढताना मध्यभागी उरणारे शंकूसारखे ठोकळे सापडले, अर्धवट सोडून दिलेले वाडगे सापडले. शिंगांच्या फण्या आणि त्या कापताना उरलेले तुकडे. धातू वितळविण्याच्या मुशी, लोखंडाचा कीट. सूत कातण्याच्या चात्यांच्या चकत्या, मागाची वजने, एका सुईने गुंफलेला लोकरी मोजा, रेशमाची एक टोपी. रंगाऱ्याच्या कामातील वनस्पती : मंजिष्ठेच्या जातीचे लाल रंगाचे मूळ, निळा रंग देणारी वोड, आणि रंग पक्का करण्यासाठी वापरली जाणारी क्लबमॉसची एक जात, जी त्या भागात उगवत नाही व उत्तरेकडील देशांतून आणावी लागे. चामड्याचे जोडे, सुऱ्यांची म्याने आणि कातरणींचे ढीग. नाणी पाडण्याचे लोखंडी ठसे आणि ते ठसे तपासण्यासाठी शिशावर उमटविलेले नमुने. शिवाय मध्य आशियातील समरकंदच्या टांकसाळीच्या चांदीच्या नाण्याची एक बनावट नक्कल आणि तांबड्या समुद्रातील एक कवडी.

शौचकूपांतून जे निघाले त्याचे वर्णन सभ्य संमेलनात करावयास संकोच वाटेल, पण अभ्यासकाने संकोच बाळगू नये. धान्याच्या कोंड्याचे थर, त्यांत विषारी तणाच्या बियांचा भुगा, बोरवर्गीय रानफळांच्या आठळ्या, सफरचंदाच्या बिया, माशांचे काटे, पुसण्यासाठी वापरलेले शेवाळाचे व फाटक्या कापडाचे बोळे, माश्यांचे कोश, आणि आतड्यांतील कृमींची असंख्य अंडी. हॅरी केनवर्ड आणि ॲलन हॉल यांनी या जैविक पुराव्याचा खंड १९९५ साली प्रसिद्ध केला. आमच्या मते या मालेतील तो सर्वांत धाडसी ग्रंथ आहे. भुंग्याच्या एका पंखावरून खोलीत गवत अंथरलेले होते की शेण पडलेले होते याचा निर्णय करणारा हा अभ्यास बाबासाहेबांनी सांगितलेल्या त्या पुरातत्त्वज्ञाचे व त्या प्राणिशास्त्रज्ञाचे काम एकाच वेळी करतो.

कॉपरगेट या नावाविषयी मात्र येथे थांबले पाहिजे. उत्तरेकडील जुन्या भाषेत त्याचा अर्थ ‘पेले करणाऱ्यांचा रस्ता’ असा होतो. ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, तर रस्ता. कातारी तेथे होते यास कातकामाचे ठोकळे साक्ष आहेत, म्हणजे नाव खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि अपुरे नाव कधीकधी खोट्या नावाहून अधिक फसवते. त्याच चार पट्ट्यांवर लोहार, ओतारी, फणीवाले, विणकर, रंगारी, जोडे शिवणारे आणि टांकसाळीशी संबंध असलेली माणसे यांच्या कामाच्या खुणा मिळतात. काही वेळा एकाच पट्ट्यावर, काही वेळा एका पिढीनंतर दुसऱ्या पिढीत. नाव एका धंद्याचे, माती दहा धंद्यांची. वस्तीच्या नावावरून तेथील माणसांचा धंदा आणि धंद्यावरून जात ठरविण्याची सवय ज्या समाजात मुरलेली आहे, त्याच्या इतिहासकाराने या उदाहरणाकडे दुर्लक्ष करू नये. आळीचे नाव हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

चामड्याच्या कामाविषयी आम्ही अधिक बारकाईने वाचले, ते का हे सांगावयास नको. जोडे शिवणाऱ्याची कातरण शहराच्या मध्यवर्ती रस्त्यावरील घरांतच पडलेली आहे. ज्या रस्त्यावर राजाच्या नाण्यांचे ठसे सापडतात त्याच रस्त्यावर चामडे कापले जाते, आणि मध्ये फक्त एक कुडाचे कुंपण असते. मात्र यावरून उतावीळ होऊन समतेचे चित्र रंगविणे बरोबर नाही. प्रथम हे लक्षात घ्यावे की चामडे शिवणे आणि कच्चे कातडे कमावणे ही दोन भिन्न कामे आहेत. कॉपरगेटजवळच पेव्हमेंट या रस्त्यावर एका बँकेच्या जागी १९७२ साली झालेल्या खोदकामात चामड्याचे जाड थर मिळाले, तेव्हा तेथे कातडे कमावण्याचा कारखाना होता असे प्रथम मांडले गेले. पुढे जैविक पुराव्याच्या अभ्यासकांनी त्याबद्दल शंका घेतली. त्यानंतर झाडांच्या सालीचे अवशेष आणि कातड्यांवर जगणारा एक विशिष्ट भुंगा यांच्या आधारे हाच प्रश्न पुन्हा उघडला गेला. एक भुंगा विद्वानांना मत बदलावयास लावू शकतो, हे आम्हांस या साऱ्या वादातील सर्वांत आरोग्यदायी लक्षण वाटते. दुसरे असे की शेजार म्हणजे समान दर्जा नव्हे. ही माणसे भूखंडाची मालक होती, भाडेकरू होती की कोणाच्या ताब्यातील होती, हे कुंपण सांगत नाही. त्या काळच्या इंग्लंडात व उत्तरेकडील देशांत गुलाम होते, कायद्यांतून त्यांचे उल्लेख येतात. पण गुलामाची चूल आणि धन्याची चूल यांत मातीला भेद करता आलेला नाही. २०१४ चा ग्रंथ या मुद्द्यावर फार सावध आहे. सावधपणा हा गुण आहे हे आम्हांस मान्य आहे. तथापि हजारो वस्तू हाताशी असताना श्रम कोणाचा व लाभ कोणाचा हा प्रश्न निदान स्पष्ट शब्दांत विचारला जावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

येथे एक विषयांतर करतो. उत्तरेकडील व्यापाऱ्यांचा विषय निघाला की आमच्यातील अनेकांना स्वीडनमधील हेल्गो बेटावर १९५० च्या दशकातील उत्खननात सापडलेली कांस्य बुद्धमूर्ती आठवते. जेमतेम साडेआठ सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती स्वात-काश्मीरच्या परिसरात सहाव्या शतकाच्या सुमारास घडविली गेली असे अभ्यासक मानतात. तिची छायाचित्रे आमच्याकडे मोठ्या हौसेने छापली जातात आणि त्याखाली धम्म थेट उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचला होता अशा आशयाच्या ओळी येतात. आम्ही या उत्साहात सहभागी होऊ शकत नाही. एक मूर्ती हातोहात प्रवास करीत गेली, एवढेच ती मूर्ती सिद्ध करते. ती बाळगणाऱ्यास बुद्ध कोण हे माहीत होते असे तिच्यावरून म्हणता येत नाही. कॉपरगेटची कवडीही अशीच दूरवरून आलेली. वस्तू प्रवास करते, अर्थ वाटेत गळून पडतो. दुर्मीळ वस्तूचे कौतुक आणि सामान्य वस्तूची उपेक्षा हा पुरातत्त्वाचा जुना रोग आहे, आणि त्यापासून बौद्ध अभ्यासकही मुक्त नाहीत.

या रोगाचे दुसरे उदाहरण याच जागेवर घडले. अधिकृत खोदकाम संपल्यावर मे १९८२ मध्ये बांधकामाच्या यंत्राला एक कठीण वस्तू अडली. ते आठव्या शतकातील एक अप्रतिम शिरस्त्राण निघाले. त्यावर ओशेर हे नाव कोरलेले आहे. साडेपाच वर्षे खपून वर काढलेल्या हजारो पेल्यांच्या तुकड्यांना जेवढी प्रसिद्धी मिळाली नसेल तेवढी या एका शिरस्त्राणाने मिळविली. योद्ध्याचे नाव पितळेवर राहिले. पेले कातणाऱ्याचे कोठेच नाही.

आता आमचा मुख्य आक्षेप. कॉपरगेटचे निष्कर्ष ज्या मालेतून प्रसिद्ध झाले तिची रचना द्रव्यांनुसार आहे. कापडांचा खंड पेनेलोपी वॉल्टन यांचा, १९८९ चा. जनावरांच्या हाडांचा टेरी ओ’कॉनर यांचा, त्याच वर्षीचा. लोखंडाचा पॅट्रिक ऑटवे यांचा, १९९२ चा. लाकूडकामाचा कॅरोल मॉरिस यांचा, २००० चा. चामड्याचा २००३ चा. प्रत्येक खंड आपापल्या परीने उत्कृष्ट आहे. लाकडाचा खंड तर असा आहे की तो वाचून एखादा कुशल कातारी दहाव्या शतकातला वाडगा पुन्हा घडवू शकेल. पण या रचनेत एक मोठी हानी झाली. मातीत फणी, जोडा, माशाचा काटा आणि उवेचे अंग एका खड्ड्यात, एका माणसाच्या आयुष्याचा भाग म्हणून शेजारी पडलेले होते. अहवालात फणी एका खंडात गेली, जोडा दुसऱ्यात, काटा तिसऱ्यात, ऊ चौथ्यात, आणि ज्या खड्ड्यात हे सर्व होते तो खड्डा २०१४ पर्यंत अप्रकाशित राहिला. चारपैकी एका पट्ट्यावरील कुटुंब काय काम करीत होते, काय खात होते आणि कशाने आजारी पडत होते, हे एकत्र वाचू इच्छिणाऱ्यास तीन दशके थांबावे लागले. तज्ज्ञाने वस्तू वाचविली आणि घर मोडले, असे आम्ही म्हणू.

२०१४ च्या ग्रंथाने ही मोडतोड पुष्कळ अंशी भरून काढली आहे, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. त्यात कुंपणामागून कुंपण, जमिनीवरून जमीन, चुलीवरून चूल अशा क्रमाने चारही पट्ट्यांची हकीकत सांगितली आहे. भाषा कोरडी आहे, नकाशांची गर्दी आहे, वाचकावर दया दाखविलेली नाही. तरीही सलग वाचत गेल्यास तीन-चार पिढ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात : कोणी जुन्या चुलीवर माती पसरून नवी चूल घातली, कोणी मागच्या अंगणातील भरलेला खड्डा बुजवून शेजारी नवा खणला, कोणी शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकून आपली भिंत घेतली. ‘वायकिंग’ हा गाजलेला शब्द ग्रंथाच्या शीर्षकात नाही, तेथे ‘अँग्लो-स्कँडिनेव्हियन’ असा अवघड शब्द आहे, आणि तोच योग्य आहे. कारण या पट्ट्यांवरील किती माणसे समुद्रापलीकडून आली आणि किती पिढ्यान्पिढ्या तेथेच राहत होती, याची विभागणी वाडग्यांवरून होत नाही.

जागेवरील प्रदर्शनाने मात्र तोच शब्द पाटीवर घेतला. बाजारसंकुलाच्या तळघरात, खोदलेल्या जागीच, १९८४ च्या एप्रिलमध्ये ‘यॉर्विक वायकिंग सेंटर’ सुरू झाले. प्रेक्षकांना छोट्या गाड्यांत बसवून पुनर्रचित वस्तीतून फिरविले जाते. माणसांचे पुतळे, आवाज आणि मुद्दाम तयार केलेले वासही आहेत. डिसेंबर २०१५ च्या पुरात तेथे पाणी शिरले. दुरुस्तीनंतर एप्रिल २०१७ मध्ये ते पुन्हा उघडले. हा निव्वळ तमाशा आहे अशी टीका काही विद्वानांनी केली. आमचे मत तितके कठोर नाही. खोदकाम चालू असतानाच पाच लाखांहून अधिक लोकांनी ते कठड्यावरून पाहिले होते, आणि सामान्य माणसाच्या उकिरड्यासाठी सामान्य माणसाने रांग लावावी यात आम्हांस आनंदच वाटतो. प्रदर्शनाच्या पैशावर पुढील संशोधन चालते हेही खरे.

आमची तक्रार वासाविषयी आहे. त्या वासामुळे प्रेक्षक नाक मुरडून हसत बाहेर पडतो आणि त्याच्या मनात एकच गोष्ट राहते, की ही माणसे घाणेरडी होती. कृमींची अंडी खरी, माश्या खऱ्या. पण विहीर आणि शौचकूप एकाच अरुंद अंगणात येतात ते अंगण साडेपाच मीटरच रुंद असते म्हणून. पट्ट्याची रुंदी रहिवाशाने ठरविली नव्हती, दोरी धरणाऱ्याने ठरविली होती. जागेची टंचाई ही माणसाचा स्वभाव म्हणून दाखविली जाणे, याचा अनुभव आमच्या वस्त्यांना पुरेपूर आहे. मुंबईच्या चाळींवर आणि झोपडपट्ट्यांवर लिहिणाऱ्यांनी हेच केले. प्रदर्शनात वासाबरोबर त्या पट्ट्याची मोजपट्टीही दाखविली असती तर चित्र पुरे झाले असते.

तेथे काचेच्या पेटीत एका स्त्रीचा सांगाडा ठेवलेला आहे. फॉस नदीकाठच्या एका उथळ खड्ड्यात ती सापडली. वय चाळिशीच्या पुढचे, खुब्याचा सांधा झिजलेला, बहुधा लंगडत चालणारी. दफनभूमी तिच्या वाट्यास आलेली दिसत नाही. तिला तिच्या काळाने खड्ड्यात ठेवले आणि आमच्या काळाने काचेत. या दोहोंपैकी कोणता सन्मान मोठा हे आम्हांस ठरविता येत नाही. तिच्या हाडांवरून तिचे वय, तिची उंची, तिचे दुखणे सांगणारे फलक तेथे आहेत. ती कोणत्या पट्ट्यावर राहत होती, सूत कातीत होती की रंग उकळीत होती, मालकीण होती की विकत घेतलेली, हे अर्थातच नाही. विधिकाचे नाव दगडावर राहिले आणि देह गेला. हिचा देह राहिला.

ज्या वाचकांस या विषयाचा स्वतंत्र अभ्यास करावयाचा असेल त्यांनी क्रम उलटा धरावा, अशी आमची सूचना आहे. प्रकाशनाच्या वर्षांनुसार न जाता आधी २०१४ चा ग्रंथ घ्यावा, त्यातील एखाद्या पट्ट्याचा नकाशा समोर पसरावा आणि मग कापड, लाकूड, चामडे, हाडे व कीटक यांचे खंड एकेक करून त्या नकाशावर आणून ठेवावेत. काम किचकट आहे, एकट्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. चार-पाच जणांच्या अभ्यासगटाने चार पट्टे वाटून घेतल्यास एका वर्षावासात होण्यासारखे आहे. लाकडाचा खंड ज्याच्या वाट्यास येईल त्याने मात्र आधी एखाद्या कातारी कारागिराकडे जाऊन अर्धा दिवस बसावे. त्या शंकूच्या आकाराच्या ठोकळ्यांचा अर्थ पुस्तकातील आकृतीवरून आम्हांस तरी प्रथम वाचनात कळला नव्हता.